कलम चार : मला विचारणे

"मी उद्या मेलो ना साहेब, तरी या मशिनी एक मिनिट थांबायच्या नाहीत," पंडित नाना शनिवारी संध्याकाळी म्हणाले. "सगळं कागदावर उतरवलंय. दहा कलमं. वना वॉचमनसुद्धा वाचून सुरू करील."

सोमवारी पहाटे धरणगावला, अंगणात तोंड धुताधुता नाना गेले. आणि सोमवारीच सकाळी साडेअकराला मशिनी थांबल्या.

यात नानांचा काही दोष नव्हता. त्या मुद्दाम थांबवल्या गेल्या, त्यांच्याच मानासाठी.

जळगावचा आमचा केळी संघ एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनच्या जागेत होता. जिन बंद पडली तेव्हा जागेबरोबर तिथली थोडी माणसंही संघाकडे आली. मॅनेजर अभिमन चौधरी त्यातलेच, तेव्हा ते कारकून होते. पंडित नानाही त्यातलेच, ते मोठ्या पट्ट्यावर तेल द्यायला होते. त्या जिनमध्ये एक रीत होती. कामावरचं कुणी गेलं, की मोठा पट्टा चाकावरून उतरवायचा. सगळी जिन गप्प व्हायची. माणसं रुई अंगावर घेऊन तशीच उभी राहायची. दोन मिनिटांनी पट्टा परत चढवायचा. मालक मरो की झाडूवाली, पट्टा उतरणार.

१९९६ साली पट्टा राहिला नव्हता. पण चार कॉम्प्युटर होते, त्यातला एक धुळ्याला.

जळगावचे तीन सर्व्हर रुईच्या जुन्या खोलीत, काच लावून आणि एसी बसवून ठेवले होते. चौथा धुळ्याच्या ऑफिसात, टेलिफोनच्या तारेने जोडलेला. इंग्रजी नावं नानांच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून त्यांनी मोठी, मधली, धाकटी आणि धुळेवाली अशी नावं दिली होती. मोठीच्या पोटात सगळी माहिती असायची. कुणाची केळी, किती घड, कुठल्या गाडीत. मधली गाडीचा भरणा ठरवायची. धाकटी गेटपास छापायची. एकच ट्रक दोन्हीकडे लागू नये म्हणून धुळेवालीचा होकार लागायचा. तो आल्याशिवाय धाकटी कागद पुढे सरकवायची नाही.

बटण दाबून मशीन पेटवलं की झालं, असं नव्हतं. प्रत्येकीच्या आतली सर्व्हिस हुकूम टाइप करून वेगळी उठवावी लागायची, तीही ठरलेल्या क्रमाने. झोपवायची तर उलट्या क्रमाने. हे सगळं दोघांनाच जमायचं, नानांना आणि तानुबाईंना. तानुबाईंना नानांनीच शिकवलं होतं.

तानुबाई सोनवणे नऊ वर्षं गेटवर हाताने पास लिहायच्या. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांची बदली दोंडाईचा डेपोला निघाली होती. नाना म्हणाले, "ती माझ्या हाताखाली राहील." बाईंना टाइप करता येत नव्हतं. नानांनी केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला, रोज घरी त्याच्यावर बोटं आपटायला. महिनाभर त्यांनी पुठ्ठा बडवला. सासू शेजारणीला सांगायची, सुनेला काहीतरी झालंय.

नाना मस्करीत म्हणायचे, "तानू, मी मेलो की इथे बसून राहू नको. मला बघायला ये. उचलायच्या आधी ये, नाहीतर काय उपयोग."

सोमवारी दहाला धरणगावहून फोन आला. मुलगा सुरतेहून पॅसेंजरने निघाला होता, साडेचारला पोचणार होता. पाचला उचलणार. संघाची जीप चारला निघणार असं ठरलं. तानुबाईंनी मार्केटातून झेंडूचा हार आणवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. दुसरं काही त्यांना नको होतं. पाचच्या आत धरणगाव, एवढंच.

साडेअकराला चौधरी साहेबांनी सगळ्यांना काचेच्या खोलीसमोर उभं केलं.

"पंडितराव पट्ट्यावरचा माणूस," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता. "पट्टा उतरलाच पाहिजे. तानुबाई, मशिनी थांबवा. दोन मिनिटं."

"साहेब, त्या चालू ठेवून उभं राहिलं तर?"

"का?"

"थांबवणं सोपं आहे. उठवायला नाना लागायचे."

"कागद आहे ना त्यांचा. दहा कलमं." साहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. "त्यांच्याच कागदावर विश्वास नाही तुमचा? आज?"

बाई कीबोर्डसमोर बसल्या.

साहेबांनी आधी धुळ्याला निरोप टाइप करून पाठवायला लावला : 'पंडितराव यांना श्रद्धांजली म्हणून सर्व मशिनी दोन मिनिटे बंद ठेवून सर्वांनी उभे राहावे. हुकमावरून, अभिमन चौधरी.' बाईंनी तो पाठवला आणि लगेच एकेक सर्व्हिस झोपवायला घेतली. धुळेवाली, धाकटी, मधली, मोठी. मग इथल्या तिन्ही मशिनींची बटणं.

"एसी?" बाईंनी विचारलं.

"एसीसुद्धा. जिनमध्ये पंखे पण बंद करायचे."

खोली गप्प झाली. अंगणात एकोणीस ट्रक केळी भरून उभे होते, त्यांच्यावरच्या माशा ऐकू यायला लागल्या. हमाल टोप्या काढून उभे राहिले. कुणीतरी नाक ओढलं. खरं सांगायचं तर ती दोन मिनिटं फार चांगली झाली. त्यानंतर चार तास तसं काही चांगलं झालं नाही.

बाईंनी कागद उघडला. नानांचं अक्षर मोठं आणि गोल होतं.

'कलम एक. देवाला नमस्कार करणे. कलम दोन. मोठी पेटवून तिची सर्व्हिस उठवणे. कलम तीन. मधली, मग धाकटी. कलम चार. मला विचारणे. कलम पाच. धुळेवालीची सर्व्हिस उठवणे.'

सहा ते दहा कलमांत मशीनवर डबा ठेवू नये, ओल्या हाताने शिवू नये, असं होतं.

बाई चौथ्या कलमावर थांबल्या. साहेबांनी खांद्यावरून वाकून वाचलं. मग कागद हातात घेऊन उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"हे काय?"

"विचारायचं, साहेब."

"कुणाला?"

बाईंनी कागद परत घेऊन टेबलावर ठेवला.

"गाळा ते कलम," साहेब म्हणाले. "पुढचं करा."

बाईंनी ते गाळलं. मोठी उठली, मधली उठली, धाकटी उठली, लगेच धुळेवालीला उठवली. धुळेवालीने मोठीला तीन हाका मारल्या. मोठीकडून ओ आली नाही. धुळेवालीने पडद्यावर एक ओळ लिहिली आणि गोठली. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. अशी ती अडली, की चारही जणींना परत झोपवून पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. यातच साडेबारा वाजले.

"तुमचं हळू होतंय," साहेबांनी निदान केलं. "मोठी वाट बघून कंटाळत असेल. भराभर करा. मी घड्याळ लावतो."

दुसऱ्या वेळी बाईंनी चार मिनिटांत चारही उठवल्या. साहेब सेकंद मोजत होते, कारकून श्वास धरून उभे होते. धुळेवाली आणखी लवकर गोठली.

"बघा, फरक पडला," साहेब म्हणाले.

तिसऱ्या वेळी साहेबांनी मोठीला हात जोडले, कारण कलम एक नीट झालं नव्हतं असं त्यांना वाटलं. त्यानेही काही झालं नाही.

मे महिना. अंगणात उभं राहवत नव्हतं. केळीला एकदा उन्हाने हात लावला, की ती कुणाचं ऐकत नाही. दोन वाजता पिकल्याचा पहिला गोड वास खोलीत आला. सगळ्यांनी तो घेतला आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही. ड्रायव्हर लोक पायरीवर येऊन बसले.

साहेबांनी शेवटी हाताने पास लिहायला घेतले. पहिला पास स्वतः सही करून ट्रकवाल्याला दिला. ट्रक गेटपर्यंत गेला आणि थांबला. साहेब उन्हात चालत गेले.

"वना, सोड."

वना वॉचमन म्हणजे साधा, नेमका माणूस. त्याने गेटवर चिकटवलेल्या हुकमावर बोट ठेवलं. "साहेब, आठे लिखेल शे. हातवरना पास, सही कोनीबी राहो, चालनार नही."

"अरे, तो हुकूम मीच काढला ना!"

"हा. खाले तुमनीच सही शे." वना नम्रपणे म्हणाला. "म्हनीसन तं मी पाळस."

साहेबांना तो हुकूम रद्द करता आला असता. पण रद्द करायचा हुकूमही छापील लागेल, असं वनाचं म्हणणं पडलं. आणि छापायचं काम धाकटीचं.

परत येऊन साहेब खुर्चीत बसले. "गाड्या गेल्याशिवाय कुणी हलायचं नाही," ते म्हणाले. मग तानुबाईंकडे न बघता, "तुम्ही तर नाहीच."

बाईंनी टेबलाखालच्या हारावर पाणी शिंपडलं. तीन वाजले होते. त्यांनी चौथ्यांदा सगळं झोपवलं. मोठी उठवली, मधली, धाकटी. मग कीबोर्डवरून हात काढून घेतला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"कलम चार. मी विचारते."

"तानुबाई..."

"घरी कुणाला तरी माहीत असेल, साहेब. सहा वर्षं नाना घरूनच तर सांगायचे."

ते खरं होतं. नाना रोज पॅसेंजरने यायचे. सकाळी लवकर किंवा सुटीच्या दिवशी लाईट जाऊन आली, की तानुबाई तिघींना उठवायच्या आणि धरणगावला फोन लावायच्या. नानांच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी नूर महंमदचं सायकल दुकान होतं, त्याचा नंबर नाना पीपी, म्हणजे निरोपासाठी शेजारचा, म्हणून द्यायचे. नूर महंमद फोन बाजूला ठेवायचा, गल्लीत जाऊन हाक मारायचा, नाना यायचे.

बाईंनी तोच नंबर फिरवला. तीन वाजून बारा मिनिटं.

"हॅलो. नूरभाई, मी जळगावहून तानुबाई. जरा..."

"हा, ताई. धरा," नूर महंमद म्हणाला आणि फोन बाजूला ठेवून गेला.

पुढचं त्याने स्वतःच नंतर सांगितलं. सांगताना तो आपल्या थोबाडीत मारून घ्यायचा. तो सकाळपासून दुकान अर्धं लावून नानांच्या अंगणातच होता, बांबू त्यानेच आणले होते. एका माणसाचं पंक्चर काढून द्यायला पाच मिनिटं दुकानात आला आणि फोन वाजला. सहा वर्षांची सवय. पाय आपोआप गल्लीत वळले. अंगणात शंभर माणूस बसलं होतं, बाया रडून रडून नुकत्या शांत झाल्या होत्या. नूर महंमद दारात उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात ओरडला,

"पंडितभाऊ! जळगावना फोन शे!"

तो म्हणतो, असं गप्प अंगण त्याने कधी पाहिलं नाही. माणसं त्याच्याकडे बघत राहिली. मग दोन-चार जणांनी नकळत नानांकडे बघितलं. एक म्हातारा म्हणाला, "नूऱ्या, येडा व्हयना का रे?" नूर महंमद मटकन खाली बसला आणि रडायला लागला. त्याला रडताना पाहून बाया परत सुरू झाल्या. या सगळ्यात बराच वेळ गेला.

मग भिकुबाई उठल्या, नानांच्या बायको.

"अक्का, कथा चालनी? बस खाले," जाऊबाई त्यांची वाट अडवत म्हणाल्या.

"जळगावना फोन शे ना," भिकुबाई म्हणाल्या. "कोनी तं लेवाले पाहिजे."

त्यांनी खुंटीवरची नानांची टोपी काढून घेतली. फोनला जाताना नाना टोपी शोधायचे आणि ती भिकुबाईंनाच हातात द्यावी लागायची, म्हणून. टोपी हातात घेऊन त्या गल्लीतून दुकानापर्यंत आल्या. घरात माणूस ठेवून बाई रस्त्यावर आली, म्हणून लोक ओट्यावर उभे राहून बघत होते.

इकडे तानुबाई फोन कानाला लावून बसून होत्या. फोनमधून लांबचं रडणं ऐकू येत होतं. साहेब समोर उभे होते.

"हालो," भिकुबाई म्हणाल्या.

"अक्का, मी तानू."

"हा माय."

"अक्का, अशा वेळी विचारते, राग मानू नका. इथे सगळं अडलंय. नाना फोनवर मला सांगायचे ना, त्याआधी ते काय करायचे? काही वहीत बघायचे का? काही मोजायचे?"

"त्या काय मोजेत वं," भिकुबाई म्हणाल्या. "नूरनी हाक उनी का पहिले तोंड धोयेत. मंग च्या मांगेत. मंग टोपी दखेत, टोपी सापडे नही. मंग चाल्या येत, रस्तामा दोन जन भेटेत, त्यासनासंगे बोलेत. मी कटकट करू, तिकडे तानू फोन धरीसन बशेल शे, चाला ना बेगीन. मंग आठे येत, फोन लेयेत, आन सांगेत..."

"काय सांगायचे?"

"'कर आते.' बस. इतलंच सांगेत."

तानुबाईंना आठवलं. खरंच, दर वेळी तेवढंच. कर आता. त्यांना वाटायचं, घरी बसून नानांनी काहीतरी मनात जुळवून पाहिलं असणार.

"माले एकदाव बोलनात," भिकुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "'माले त्यामातलं काही समजस नही, पन मी सांगं का चालू व्हई जास.'"

बाईंनी डाव्या हाताने हुकूम टाइप केला. उजव्या हातात फोन होता.

मोडेमने शीळ घातली. धुळेवालीने मोठीला एक हाक मारली. मोठीने पहिल्याच हाकेला ओ दिली. धाकटीतून खरखर कागद बाहेर यायला लागला.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन तेहतीस. बारावरून तेहतीस, एकवीस मिनिटं. मग त्यांना कळलं. पडदा 'उठले' म्हणायचा, पण मोठी उठल्याबरोबर पोटातली सगळी माहिती मोजून बघत असणार, पंधरा-वीस मिनिटं, आणि तोवर कुणालाही ओ देत नसणार. नाना ऑफिसात असले तर तिघींना उठवून चहाला जायचे. घरी असले तर टोपी शोधायचे. सहा वर्षं मशीन त्यांच्या टोपीवर चाललं होतं.

"सुरू झालं, अक्का," त्या म्हणाल्या.

"व्हयनं ना?" भिकुबाई म्हणाल्या. "त्या बोलनात तं व्हतंच." मग थोडं थांबून, "तू येस ना वं?"

"येते. उचलायच्या आधी येते."

फोन ठेवून बाईंनी डोळे पुसले. साहेबांनी विचारलं, "काय म्हणाल्या? काय करायचं होतं?"

"काही नाही, साहेब. थांबायचं होतं."

"मग कागदावर तसं लिहायला काय झालं होतं?"

"त्यांना कुठे माहीत होतं."

बाईंनी नानांचा कागद घेतला. 'मला विचारणे' खोडावं म्हणून पेन टेकवलं, पण खोडलं नाही. पुढे कंसात लिहिलं, 'वीस मिनिटे'.

पासमागून पास निघाले. वना एकेक वाचून, उन्हाकडे धरून, गाडी सोडत होता. चारला पाच कमी असताना अकरा ट्रक बाहेर पडले होते. उरलेल्या आठांचे पास आपोआप निघत राहणार होते, फक्त फाडून द्यायचे. ते काम कारकुनालाही जमणार होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पहिल्यांदाच बाईंकडे नीट बघून म्हणाले, "चला तानुबाई. तुम्ही पुढे बसा."

बाई जीपमध्ये बसल्या. हार मांडीवर घेतला. फडकं वाळलं होतं, पण फुलं बरी होती. साहेब आणि चार माणसं मागे बसली. ड्रायव्हरने चावी फिरवली.

त्या वेळी धुळ्याच्या ऑफिसात रुपचंद अहिरे नावाचे इनचार्ज एक कागद वाचत होते. तार जोडली गेल्यावर त्यांच्याकडच्या प्रिंटरमधून सगळ्यात आधी तोच निघाला होता. सकाळी तानुबाईंनी निरोप पाठवला आणि लगेच मशिनी झोपवल्या, त्यामुळे तो धुळ्याला न जाता मोठीच्याच पोटात राहिला होता. रुपचंद यांना नानांबद्दल आदर होता. शिवाय खाली साहेबांचा हुकूम होता. त्यांनी सगळ्या स्टाफला उभं केलं, चारच्या ठोक्याला धुळेवालीची वायर भिंतीतून उपटली आणि डोळे मिटले.

जळगावला धाकटीने बारावा पास अर्धा छापला आणि ती थांबली.

कारकून धावत अंगणात आला. "ताई! धुळेवाली गेली!"

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ट्रककडे पाहिलं. आठ होते.

"मशिनीचं तुमच्याशिवाय कुणाला जमतं?" साहेब म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत.

बाई उतरल्या. घाईत उतरल्या, कारण आता चौघींना झोपवून, उठवून, वर वीस मिनिटं थांबायचं होतं आणि जीपला थांबता येणार नव्हतं. त्या काचेच्या खोलीत पोचल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की एक पाय भाजतोय.

जीप चार वाजून सात मिनिटांनी निघाली. झेंडूचा हार आणि तानुबाईंची डाव्या पायाची चप्पल पाचच्या आत धरणगावला पोचली.